निजलेला गाळ

तलाव आटतो, त्यात नवल काही नाही. पण आटायचीही एक रीत असते. माहुलटोल्याचा तलाव पूर्वी मे महिन्याच्या अखेरीस कंबरभर पाण्यावर यायचा, तिथं दम धरायचा आणि मृगाची वाट पाहायचा. आता सलग तिसऱ्या वर्षी एप्रिल संपायच्या आधीच तळ उघडा पडला होता. मधल्या खोलगट जागेला मासेमारी करणारे ढिवर लोक डोह म्हणत. त्या डोहात लग्नाचा मांडव पडेल एवढा काळा ओला पट्टा तेवढा उरला होता. बाकी सगळ्या भेगा, शेळीचा पाय अडकून मोडावा एवढ्या. काठावरचं बेशरमाचं झुडूपसुद्धा पिवळं पडलं होतं, आणि बेशरम पिवळा पडला म्हणजे पुढचं काही विचारू नये.

देवकी बावणे त्या पट्ट्यावर अनवाणी उभी होती. सकाळचे आठच वाजले होते, तरी डोक्यावरचा पदर तापला होता. ती एकेक पाऊल टाकून गाळ चाचपत होती. एका जागी पायाखाली काहीतरी किंचित सरकलं. बाजूला एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"हाय," ती म्हणाली.

तिचा नवरा वसंता काठावर बसून होता. गुडघे गेल्यापासून तो गाळात उतरत नसे. "किती असन?"

"लय हायेत. दम घेऊन राहिले खाली."

रोहू-कतला म्हणजे पाण्याचे लाडावलेले लेक. पाणी जरा कोमट झालं, की तोंड वर काढून मरायला मोकळे. मच्छीमार सोसायटीनं बाहेरून आणून सोडलेलं त्यांचं बीज तीन वर्षं असंच वाया गेलं होतं. गोगलगायी शहाण्या, त्या तोंडाला झाकण लावून भेगांमध्ये जाऊन बसल्या होत्या. पण सगळ्यांत चिवट जात मरळ आणि मांगूर यांची. पाणी गेलं की ही मासोळी गाळात शिरते, खाणं सोडते, नाकातोंडानं वरची हवा गिळते आणि पाऊस येईस्तोवर निजून राहते. पहिल्या पुराला उठते, जोडी लावते, पिल्लं काढते. तिचं बीज विकत आणावं लागत नाही. टोल्यातली अकरा ढिवर घरं तीन वर्षं हिच्याच जिवावर जगली होती. म्हणून वसंताच्या आज्याच्याही आधीपासून टोल्यात एक नेम होता. पाणी गेल्यावर गाळात फावडं घालायचं नाही. घरात पाहुणा असो की पोटात आग पडलेली असो, गाळ निजला की त्याला उठवायचं नाही.

नऊच्या सुमारास तलावाच्या मातीच्या पाळीवरून एक मोटरसायकल आली. गाळ काढायच्या कामावरचा सुपरवायझर, विहंग नावाचा पोरगेलासा माणूस, तोंडावरचा रुमाल सोडत खाली उतरला.

"काका, सोमवारी जेसीबी येऊन राहिली. सगळा गाळ निघणार, शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये फुकटात पडणार. तुम्ही सोसायटीचे अध्यक्ष ना? इथं सही लागते. तलावात मासोळी शिल्लक नाही, एवढंच."

"मासोळी हाय," देवकी गाळातूनच म्हणाली.

विहंगनं काळ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग भेगांकडे पाहिलं. "कुठं आहे?"

"खाली. निजली हाय."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मावशी, मी वर काय लिहू सांगा. मासे झोपले आहेत, उठल्यावर काम सुरू करू?"

"पावसानंतर काढा नं गाळ."

"पावसानंतर मशीन फसते इथं. मग काम पुढच्या वर्षावर जाते. शेतकरी माझ्या नावानं बोंबलतील." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. "आज मंगळवार. रविवारपर्यंत थांबतो. मासे असतील तं काढून घ्या अन् सही द्या. नसतील तरी सही द्या. एखादा तरी दाखवा ना मले, मी फोटो टाकतो वर."

देवकीनं वसंताकडे पाहिलं. एक फावडं मारलं असतं तर दाखवता आला असता. वसंतानं मान हलवली, नाही. विहंगनं गाडीला किक मारली आणि तो निघून गेला.

*

त्या दुपारी देवकीला भाकर गोड लागली नाही. मुलगा दुर्गेश दोन वर्षांपासून कोराडीच्या वीजकेंद्रात राखेच्या गाड्यांवर ताडपत्री बांधायच्या कामावर होता. पंधरा दिवसांनी घरी यायचा तेव्हा त्याच्या नखांत, कानांत, खोकल्यातसुद्धा राख असायची. सून मोनाली घरीच होती, सासूसोबत टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासोळी विकायची. दुर्गेशनं दिवाळीला स्पष्ट सांगितलं होतं, "औंदा तलाव चालला तं मी घरी येतो, माय. नाही चालला तं मोनालीले घेऊन जातो तिकडंच." म्हणजे मग टोल्यात दोन म्हातारे, चार जाळी आणि एक खड्डा. देवकीला हा विचार सहन होत नव्हता. ती उठून भांडी घासायला बसली, तर भांडी घासलेलीच होती.

"आपणच उठवू त्याईले," ती एकदम म्हणाली.

वसंता बाजेवर पडला होता. "कोणाले?"

"मासोळीले. गोपाळरावच्या बोअरचा पाइप डोहापर्यंत येते. दोन घंटे पाणी सोडू. पाऊस आला असं समजून येतीन वर. धरू अन् त्याच्याच विहिरीत सोडू. पाऊस पडला का परत तलावात."

"निजलेल्या गाळाले उठवू नाही, दुर्गेशची माय."

"अन् जेसीबी काय अंगाई गाणार हाय?"

 वसंतानं नजर छपराच्या कवेलूंकडे वळवली. "पाऊस खोटा असला तं कळते त्याईले," तो पुटपुटला, पण देवकी तोवर चपला घालून बाहेर पडली होती. तिचा स्वभावच तसा. एकदा मनात आलं की पाय आधी निघायचे, डोकं मागून.

गोपाळराव तलावालगतचा धानवाला शेतकरी. माणूस वाईट नव्हता, पण कोणतीही गोष्ट त्याच्या हातून नुसती सुटत नसे. धानाच्या रोवणीचे चार दिवस सासू-सुनेनं त्याच्या बांधीत फुकट यायचं, या बोलीवर त्यानं पाणी कबूल केलं. विहिरीचं ऐकून तो म्हणाला, "सोडा ना. मासोळीनं पाणी निर्मळ राहते. चाळीस फूट खोल हाय, बारा फूट पाणी हाय. तुमच्या माशाईले बंगला भेटला म्हणा."

बारा फूट पाणी. देवकीला ऐकूनच बरं वाटलं. ढिवराच्या पोटी जन्मलेल्या बाईला खोल पाणी म्हणजे भरलेली कोठी.

*

निरोप मिळताच दुर्गेश बुधवारी खाडा करून आला. संध्याकाळी थ्री-फेजची लाइन आली तशी गोपाळरावनं मोटर लावली. दुर्गेशनं जुन्या पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडली होती. तो पत्रा त्यानं आणि मोनालीनं दोन्ही टोकांनी धरला आणि पाइपाचं पाणी वरून सोडलं. गाळावर टपटप थेंब पडू लागले. देवकी बाजूला रिकामा डबा हळूहळू वाजवत होती, दूरच्या गडगडाटासारखा. टोल्यातल्या बायका काठावर जमल्या होत्या, पण कोणी गाळात उतरत नव्हतं. नेम मोडताना पाहायला आलेली माणसं अशीच लांब उभी राहतात.

पाऊण तास काही झालं नाही. दुर्गेशनं पत्र्याचं टोक खांद्यावर टेकवलं. बोअरचं पाणी गरम होतं, गाळातून वाफ निघाल्यासारखा वास येत होता. मग काळा चिखल एका जागी उकलला आणि त्यातून मिशा बाहेर आल्या. मांगूर. मागोमाग दुसरा, तिसरा. पाहता पाहता सगळा पट्टा वळवळायला लागला.

"आले वं माय," दुर्गेश म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी होता तसा झाला.

देवकी गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी एकेक मासोळी उचलून टोपलीत टाकू लागली. हाताला लागणारं अंग मात्र तिला ओळखू येईना. डोकं होतं तेवढंच होतं आणि मागचं सगळं धड काडी झालं होतं. महिनाभर ही मासोळी स्वतःलाच खात निजली होती. एका मांगुराचा काटा तिच्या अंगठ्यात घुसला, हात मनगटापर्यंत ठणकला. तिनं तसाच तोंडात धरून चोखला आणि पुन्हा चिखलात घातला. अंधार पडायच्या आत चार ड्रम भरले. मांगूर दीडशेच्या वर, वीतभर लांबीच्या मरळी तीसेक.

वसंता काठीच्या आधारानं ड्रमपाशी आला आणि वाकून प्रत्येकात पाहिलं. "मोठ्या मरळी कुठं हायेत?"

"नाही आल्या."

"एकही नाही?"

"मेल्या असतीन," देवकी म्हणाली. ती दमली होती आणि खुशीत होती, आणि असा माणूस खोलात जात नाही. "उन्हानं वरचा गाळ कसा भाजून काढला, पाहिलं नाही काय. जे जगले ते आले."

वसंतानं चिखलाकडे पाहिलं. तो खाली वाकला, तेवढ्यात ड्रम उचलायची घाई सुरू झाली.

मासोळी दोराला टोपली बांधून विहिरीत उतरवली. दुर्गेश हात-पाय धुऊन रात्रीच्या गाडीनं कोराडीला परत गेला. जाताना मोनालीला म्हणाला, "पावसात येतो मी. पक्का." देवकीनं ते ऐकलं. त्या रात्री तिला फार दिवसांनी झोप लागली.

*

शनिवारी सकाळी गोपाळराव स्वतः टोल्यात आला. तो असा कधी यायचा नाही.

"देवकीबाई, विहिरीवर चाला. माह्या घरचं प्यायचं पाणी हाय ते."

वास अर्ध्या वाटेवरच आला. देवकीनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. तिनं मोजली नाहीत, मोजण्यासारखं काही नव्हतं. मोनाली मागं सरकली आणि तोंडाला पदर लावून बसली.

"अगोदर सांगतो, पाणी उपसून द्या लागन," गोपाळराव म्हणाला. "अन् आजच्या आज."

"उपसतो नं," देवकी म्हणाली. "आधी मेलेले काढू द्या."

कमरेला दोर बांधून ती उतरली. पन्नाशी ओलांडलेली बाई, दगडांच्या खाचांत बोटं रोवत, वर सून आणि गोपाळरावचा गडी दोर धरून. खाली गेल्यावर तिनं एका खाचेत पाय अडकवला आणि टोपलीत मासोळी भरायला लागली. फुगलेल्या, बुळबुळीत, हातात फुटणाऱ्या. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि भरत राहिली.

तेव्हा तिला एक जिवंत मांगूर दिसला. खोलातून तो सरळ वर येत होता, शेपटी मारत, थांबत, पुन्हा मारत. वर येऊन त्यानं हवेचा एक घोट घेतला आणि दगडासारखा खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा निघाला. या वेळी पाण्याच्या वरपासून हातभर खालीच त्याची शेपटी थांबली. तो तिथंच आडवा झाला, मिशा हलल्या आणि मग त्याही थांबल्या. देवकीनं हात लांबवला, पण हात पोचला नाही.

ती तिथंच दोराला लटकून राहिली. तलावात मांगूर बोटभर पाण्यात पडून असतो. नाक वर केलं की हवा, खाली केलं की चिखल. इथं बारा फूट खाली तळ आणि चहूबाजूंनी सरळ उभा दगड, टेकायला काठ नाही. दर घोटाला त्या काडीएवढ्या अंगानं बारा फूट चढायचे आणि बारा फूट उतरायचे. मासोळी पाण्यात बुडून मेली होती. सगळ्या जन्मात हे तिनं ऐकलं नव्हतं, आणि ते तिच्या हातानं झालं होतं.

दिवसभर मोटर लावून, शेवटी बादल्यांनी, सासू-सुनेनं विहीर उपसली. एकही मासोळी जिवंत निघाली नाही.

घरी आल्यावर ती वसंतासमोर बसली आणि रडली नाही. "म्या मारले," म्हणाली. "दीड-दोनशे जीव. निजले होते, निजू दिले असते तं..."

"तं जेसीबीनं मारले असते," वसंता म्हणाला. त्याला तिला दोष द्यायचा नव्हता. पण समजूतही नीट घालता येईना, कारण त्याच्या मनातही तेच होतं.

रविवारी सकाळी देवकी एकटी डोहावर गेली. बोअरचं पाणी जिरून वरचा गाळ सुकत चालला होता. तिनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाय फिरवला. काहीच सरकलं नाही, एकही बुडबुडा आला नाही. ती परत आली तेव्हा विहंग अंगणात बसून मोनालीनं दिलेला चहा पीत होता.

"काय करायचं, काका?" त्यानं विचारलं.

वसंतानं देवकीकडे पाहिलं. "मोठ्या मरळीचा काही पत्ता नाही लागला अजून," तो हळू आवाजात म्हणाला.

"द्या सही," देवकी म्हणाली. "काही नाही उरलं तिथं. मी पाहून आली."

"पक्कं?"

"माह्या हातानं काढली नं सगळी. आता कायले अडवता लोकाईचं काम?"

वसंतानं सही केली. विहंगनं कागद पाहिला आणि काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणाला, "मावशी, खोल केला तलाव तं पाणी टिकन. तुमचाच फायदा आहे." देवकी आत निघून गेली.

*

सोमवारी जेसीबीचा आवाज टोल्यापर्यंत येत होता. देवकीनं ठरवून तिकडे तोंड केलं नाही. ती फाटलं जाळं घेऊन ओसरीवर बसली होती. कोणत्या पाण्यासाठी विणायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण हाताला काम लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धुरळा उडवत गोपाळरावच्या बांध्यांकडे जात होत्या. चार गेल्या, पाच गेल्या. दहाच्या सुमारास मोनाली पळत आली. ती पळणारी बाई नव्हती.

"आई, बांधीत मरळी निघून राहिल्या."

"कोणत्या बांधीत?"

"गोपाळरावच्या. गाळाच्या ढेकळाईतून. जित्या हायेत, आई. एवढ्याल्या." तिनं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला.

देवकीला क्षणभर काही समजलं नाही. मग एकदम सगळं समजलं. मोठ्या मरळी खोल गेल्या होत्या, हातभर, दोन हात. वरचं गरम पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि पोचलं असलं तरी पत्र्यावरचा पाऊस आणि डब्यातला गडगडाट त्यांनी मानला नव्हता. पोरंसोरं फसली, म्हातारी निजून राहिली. तलावाचं सगळं खरं बीज खाली होतं, आणि काही नाही उरलं असं तिनं तोंडानं सांगितलं होतं.

"अवो, विहंगले फोन लावा," ती आत ओरडली. "मशीन थांबवा म्हणा." वसंता उठून चष्मा शोधू लागला. ती त्यासाठी थांबली नाही.

बांधीत जत्रा होती. गाळाचे ढीग पसरले होते आणि गावातल्या बायका पिशव्या घेऊन ढेकळं फोडत होत्या. बगळे त्यांच्या पायांतून फिरत होते. ढेकूळ फुटलं की आत गोल पोकळी, त्यात वाटोळी होऊन बसलेली हातभर मरळ, अंगावर शेंबडासारखा थर. उन्हात पडली की दोनदा उसळी मारायची आणि तोंड उघडझाप करत पडून राहायची.

"ये वं देवकीबाई," मीराबाई म्हणाली. ती गोपाळरावची बायको. तिच्या पिशवीत तीन होत्या. "आज तुह्या टोपलीचं काही काम नाही. फुकटचा बाजार भरला."

"मीराबाई, त्या मले द्या."

"काहून? एवढ्या पडल्या हायेत, वेच नं."

"मेलेल्या नाही पाहिजे. तुमच्या पिशवीतल्या हलून राहिल्या. त्या द्या मले, परत गाळात घालतो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण हसली. "रोज दारावर येऊन मासोळी विकते, आज मागून राहिली." दुसरी म्हणाली, "अवं, ऊन लागलं असन तिले."

देवकीनं पदर पसरला. खरोखर, दोन्ही हातांनी पदर धरून ती मीराबाईसमोर उभी राहिली. जन्मभर तिनं कोणासमोर पदर पसरला नव्हता, घासाघीस करून शेवटच्या चिंगळीचा भाव वसूल केला होता. "तुमच्या पाया पडतो. पाऊस पडला का याच अंडी घालतीन. नाही तं तलावात काही राहणार नाही. लेकरू येणार नाही माह्यं."

शेवटचं वाक्य मीराबाईला कळलं नसावं. पण तिनं पिशवीत हात घातला आणि एक मरळ पदरात टाकली. दुसरी काढली, ती मेली होती, ती तिनं परत ठेवली. तिसरी तिनं घरच्यांसाठी ठेवून घेतली.

देवकी धावली. पदरातली मरळ तिच्या पोटाला धडका मारत होती. पाळीवरून खाली उतरली तेव्हा जेसीबी बंद झाली होती. ड्रायव्हर सावलीत बसून तंबाखू मळत होता आणि विहंग फोन हातात घेऊन खड्ड्याकडे पाहत उभा होता. मांडवाएवढ्या पट्ट्यापैकी आता बाजेएवढा तुकडा राहिला होता.

"मावशी, तुम्हीच तं म्हटलं होतं..." तो म्हणाला.

"हो, म्याच म्हटलं होतं."

ती त्या तुकड्यावर गुडघे टेकून बसली आणि हातांनी गाळ उकरू लागली. नखं मोडली, अंगठ्यातली जुनी जखम उघडली. कोपरापर्यंत खड्डा झाल्यावर तिनं मरळ आत ठेवली आणि वरून गाळ लोटला. मग विहंगसमोर उभं राहून तिनं त्याच्या गाडीला लटकलेली पाण्याची बाटली मागितली. त्यानं दिली. ती तिनं त्या जागी घोट-घोट ओतली. जास्त ओतायचं नव्हतं, जागी होईल.

"एकच?" विहंगनं विचारलं.

मरळ एकटीनं काही करत नाही. नर-मादी दोघं मिळून पाण्यात गवत साफ करतात, दोघं मिळून पिल्लं राखतात. ही नर होती की मादी, तेही देवकीनं पाहिलं नव्हतं. वर बांधीत बायकांचा गलका चालू होता आणि ऊन चढत होतं. मोनाली पाळीवर येऊन उभी राहिली होती, ओल्या पोत्यात काहीतरी गुंडाळून.

"जिती हाय काय?" देवकीनं विचारलं.

मोनालीनं पोतं उघडून पाहिलं, पुन्हा मिटलं आणि मान हलवली, नाही. 

देवकी पदर खोचून बांधीकडे निघाली, पुन्हा पाळ चढायला लागली.